‘तू तर घरीच असतेस’ : सोलापुरात बसून पुण्याची नोकरी करणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. या ताई जुळे सोलापुरात राहतात, पुण्याच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगच्या टीममध्ये आहेत, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन सासरी आल्या आणि तेव्हापासून घरूनच काम चालू आहे. मुलगी चार वर्षांची, मिस्टर इथंच बँकेत, सासूबाई सोबत असतात. आता कंपनीनं सांगितलंय की आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसला या. आणि घरात सगळ्यांचं म्हणणं की सोडून दे, नाहीतरी घरचं सगळं तूच बघतेस, एवढी ओढाताण कशाला. तर नोकरी सोडावी का, हा त्यांचा प्रश्न.

मी बावीस वर्षं एचआरमध्ये काम करतेय, त्यातली चौदा पुण्यात गेली, आता सोलापुरातच होटगी रोडला राहते आणि छोट्या-मध्यम कंपन्यांना रजा, कामाचे तास, बढत्या असल्या बाबतीत सल्ला देते. वर्क फ्रॉम होममधल्या शेकडो बायकांशी आणि पुरुषांशी बोललेय. म्हणून आधी उत्तर देऊन टाकते, नोकरी सोडू नका. निदान या महिन्यात तरी नाही, आणि घरात जे गणित मांडलं जातंय त्या गणितावर तर अजिबात नाही, कारण ते गणितच चुकीचं आहे, त्यावर पुढं येते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य अगदी मधेच लिहिलंय, ‘मिस्टर म्हणतात तू तर घरीच असतेस.’ माझ्या मते सगळा गुंता इथं आहे, पुण्यात नाही. तुम्ही सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा कामावर असता, फक्त तुमचं ऑफिस घरात आहे. पण दार वाजलं की तुम्ही, गॅसवाला आला की तुम्ही, मुलीला शाळेतून आणायचं तुम्ही, आणि पाणी सुटायचा दिवस तर विचारूच नका. सोलापूरबाहेरच्या वाचकांना कळणार नाही म्हणून सांगते, आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तीन-चार-पाच दिवसाआड येतं आणि वेळही नक्की नसते, आलं की मोटर लावा, टाकी भरा, पिंप भरा, पिण्याचं वेगळं गाळून ठेवा. क्लायंटची मीटिंग चालू असताना पाणी आलं तर कोण उठतं? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईनं याचं उत्तर एकच दिलंय. आणि त्याच घरात नवराही घरून काम करत असला तरी उत्तर बदलत नाही, हे मी २०२० आणि २१ मध्ये इतक्यांदा बघितलं की तेव्हापासून ‘घरून काम मिळालं की बायकांचं सोपं होतं’ हे वाक्य मी बोलायचं सोडलं.

आपल्या गावाला तर हे नव्यानं शिकायची गरजच नाही. घरून काम करणाऱ्या बायकांचं सोलापूर हे केवढं जुनं गाव आहे! साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला, कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत जाऊन बघा, विडी वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कंपनीतून पानं-तंबाखू-दोरा घरी आणतात, मांडीवर सूप घेऊन वळतात आणि मोजून परत नेऊन देतात. १९६६ मध्ये विडी कामगारांचा जो केंद्राचा कायदा आला त्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, म्हणजे लॅपटॉप यायच्या कितीतरी आधी घरातलं काम हे काम आहे असं कायद्यात लिहिलं गेलं होतं. माझ्या आईच्या शेजारी एक काकू होत्या, विड्यांचे पैसे आले की घरातला किराणा त्यातून यायचा, पोरांची फी त्यातून जायची, सगळ्यांना माहीत होतं. तरी पण सूप बाजूला ठेवून भाकरी थापायला उठायच्या त्याच, आणि जेवण आटोपून रात्री दिव्याखाली राहिलेल्या विड्या पुऱ्या करायच्या त्याही त्याच. पैसा घरात आला, वेळेची वाटणी होती तशीच राहिली. तुमचं आणि त्या काकूंचं उत्पन्न वेगळं, शिक्षण वेगळं, पण दिवसाचा आकार बघा ना, किती सारखा आहे.

आकडे पण बघा, कारण घरात बोलताना ‘तुला वाटतं तसं’ असं कुणी म्हणालं तर हातात काहीतरी पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषाचा ८८ मिनिटं. बिनपगारी घरकाम म्हणतेय मी, स्वैपाक, भांडी, कपडे, झाडलोट. आणि ही ८८ मिनिटंही सगळ्या पुरुषांची नाहीत, जे त्या दिवशी घरकामाला हात लावतात फक्त त्यांची सरासरी. २०१९ च्या त्याच सर्वेक्षणात घरकाम करणारे पुरुष होते २६ टक्के आणि बायका ८१ टक्के. म्हणजे मधे पूर्ण कोविड होऊन गेला, लोक दोन-दोन वर्षं घरी बसले, तरी बाईची मिनिटं २९९ वरून २८९ झाली, बास. पुरुषांची तर ९७ वरून ८८ वर आली, म्हणजे कमीच झाली.

आता मी माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या कंपनीशी काय बोलायचं ते त्यातून कळेल. पुण्यात एका कंपनीत असताना, कोविडच्या बऱ्याच आधी, मी घरून कामाची एक पॉलिसी लिहिली होती. मोठ्या हौसेनं लिहिली. फक्त लहान मुलांच्या आयांसाठी, आठवड्याला तीन दिवस घरून. मला वाटलं होतं आता बायका नोकऱ्या सोडणार नाहीत. पहिल्या वर्षी खरंच कमी सोडल्या. दुसऱ्या वर्षी अप्रेजलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, कागद समोर आले तेव्हा बघते तर त्या पॉलिसीतल्या जवळजवळ सगळ्या बायका ‘समाधानकारक’वर अडकलेल्या, कुणालाच मोठं प्रोजेक्ट दिलेलं नाही. मॅनेजरांना विचारलं तर म्हणाले, त्यांना घरचं असतं ना, त्रास नको म्हणून दिलं नाही. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं. आणि एक मुलगा आला होता माझ्याकडे, बायको नर्स, तिची रात्रपाळी, सकाळी बाळाला बघायला कुणी नाही, मला पण दोन दिवस घरून द्या म्हणाला. मी त्याला नाही म्हटलं, पॉलिसीत बसत नाही म्हणून. ते मला आजही टोचतं. त्या एका नकारानं मी त्या घराला सांगितलं की बाळ बघायचं काम आईचंच आहे, नर्स असली तरी.

तेव्हापासून मी ज्या कंपनीत जाते तिथं एक अट घालते, सवलत द्यायची तर सगळ्यांना द्या, कारण विचारू नका, पुरुषांनी घेतलेली दिसू द्या. नॉर्वेत १९९३ मध्ये बाळंतपणाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले, वडिलांनी घेतले नाहीत तर वाया जाणार. त्याआधी तिथं रजा घेणारे वडील मोजकेच होते, नियम आल्यावर थोड्याच वर्षांत बहुतेक जण घ्यायला लागले. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवस आहेत, खाजगी नोकरीत मात्र कायद्यानं एक दिवसही नाही, कंपनीची मर्जी. आणि आईला २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे, जे आधी १२ होते. ही वाढ चांगलीच झाली, मी तिच्या बाजूची आहे, पण एकीकडे २६ आठवडे आणि दुसरीकडे शून्य ठेवलं की मुलाखतीत बसलेला माणूस तिशीतल्या बाईकडे कसा बघतो ते मी त्या खोलीत बसून बघितलंय. त्याच दुरुस्तीत रजेनंतर घरून काम देण्याची तरतूद आहे, पण कामाचं स्वरूप तसं असलं तर आणि कंपनी व ती बाई दोघांची संमती असली तर, म्हणजे हक्क म्हणून मागता येत नाही, बोलणी करूनच मिळवावं लागतं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मात्र बंधनकारक आहे, पुण्याच्या ऑफिसला जायची वेळ आलीच तर हे विचारून घ्या. मुलीला कधी सोबत न्यावं लागलं तर उपयोगी पडेल, तुमच्या मुलीच्या वयाला ते चालतं का तेही विचारा.

बरं, आता कंपनीशी काय बोलायचं. तुम्ही लिहिलंय की मॅनेजरला ‘मुलगी लहान आहे, पूर्ण घरूनच चालू ठेवा’ अशी विनंती करणार आहात. नका करू. दोन कारणं. एक तर कारण म्हणून मुलगी पुढं केलीत की मघाशी सांगितलं ते होतं, तुम्ही ‘घरचं असणाऱ्यां’च्या यादीत जाता. दुसरं म्हणजे पूर्ण घरून राहणं तुमच्याच पुढच्या वाढीला बरं नाही. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी चीनमधल्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीत यावर नीट प्रयोग करून बघितलाय, एकदा नाही दोनदा. पहिला कॉल सेंटरवाल्यांवर, २०१५ ला छापून आला, त्यात लोक पाचातले चार दिवस घरी होते. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले, पण तेवढंच चांगलं काम करूनही बढती मिळण्याचं प्रमाण घरून काम करणाऱ्यांचं कमी निघालं. दुसरा २०२४ ला आला, १,६१२ कर्मचारी, यात आठवड्याला दोनच दिवस घरून. इथं बढतीत फरक पडला नाही, कामातही नाही, आणि सोडून जाणारे एक तृतीयांशानं घटले, त्यातही बायका आणि लांबून येणारे यांच्यात जास्त. म्हणजे अधूनमधून तोंड दिसत राहिलं की माणूस विसरला जात नाही.

सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, रोजचं जाणं-येणं कुणी करू शकत नाही, पण सलग दिवस जमतात. सकाळची हुतात्मा आहे, २०२३ पासून वंदे भारत पण आहे. माझा सल्ला असा की तुम्ही स्वतः प्रस्ताव द्या, एक आठवडा सोडून एका आठवड्यात सलग तीन दिवस पुण्यात, म्हणजे महिन्यातून दोन फेऱ्या, चार-पाच रात्री बाहेर. तीन महिन्यांची चाचणी म्हणून मागा, मेलवर मागा, तोंडी नको. त्यात लिहा की टीमच्या मोठ्या मीटिंगा, नवीन लोकांचं ट्रेनिंग, रिलीजच्या आधीची बैठक हे सगळं मी त्या दिवसांत धरीन, आणि घरून असताना किती टेस्ट केस, किती वेळात, कुठला अहवाल कधी, हे आकड्यात द्या. मुलगी, सासूबाई, मिस्टर यातलं काहीच त्या मेलमध्ये नको. आणि एक वाक्य जास्तीचं, की पुढच्या अप्रेजलमध्ये टीम लीडच्या जागेसाठी माझा विचार व्हावा. हे वाक्य बायका घालतच नाहीत, सवलत मागतोय तर वर आणि हे कसं मागायचं असं वाटतं त्यांना. सवलत नाही ती, कामाची आखणी आहे. कंपनी नाही म्हणाली तर नाही म्हणू दे, मग दुसरीकडे बघू, इतक्या वर्षांचा टेस्टिंगचा अनुभव हातात असताना बघायला जागा आहे, सोडून बसल्यावर बघणं अवघड जातं.

आता घरातलं गणित. तुम्ही लिहिलंय, पुण्याला जायचं तर पोळ्यांना बाई लावावी लागेल, दुपारी मुलीला पाळणाघरात, रेल्वेचं भाडं, पुण्यात राहायचा खर्च, हे सगळं ‘माझ्या पगारातून वजा जाता उरतं काय’. थांबा इथं. पोळ्यांच्या बाईचा पगार तुमच्याच पगारातून का वजा करायचा? पोळ्या तुमच्या एकटीच्या आहेत का, मुलगी एकटीची आहे का? दोघांचे पगार एकत्र मांडा, दोघांमधून खर्च वजा करा, मग उरलेलं बघा, लगेच चित्र बदलतं. शिवाय त्या वजाबाकीत पीएफ कुणी धरत नाही, तुमचे १२ टक्के आणि कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, दरवर्षीची वाढ, आणि चार वर्षांनी मुलगी मोठी झाल्यावर परत सुरू करायचं म्हटलं तर कुठल्या पगारावर सुरू करावं लागेल ते. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या नोकऱ्या आणि कमाईच्या दोनशे वर्षांच्या इतिहासावरच्या कामासाठी, आणि त्यांचं सांगणं साधारण हेच की आजचा पगारातला फरक मुख्यतः पहिल्या मुलानंतर पडतो. एकानं कधीही-कुठंही हजर राहायची नोकरी धरायची आणि दुसऱ्यानं घराच्या हाकेला उभं राहायचं, अशी विभागणी जोडप्यात होते. हाकेला उभी राहणारी बहुतेक वेळा कोण, ते सांगायला नको.

मिस्टरांशी बोलताना भांडणानं सुरू करू नका. एक वही घ्या, साधी, सात दिवस दोघांनी लिहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचं, मी काय केलं. आणि वेगळ्या रंगानं हे पण लिहा की कुठली गोष्ट कुणाच्या ‘लक्षात’ होती. लसीची तारीख, शाळेच्या ग्रुपवर आलेला उद्या पिवळा ड्रेसचा मेसेज, तेल संपत आलंय, सासूबाईंची बीपीची गोळी दोनच दिवस पुरेल. हे लक्षात ठेवणंच जास्त थकवतं, आणि ते २८९ मिनिटांत धड येतही नाही. मी ही वही आतापर्यंत बऱ्याच जोडप्यांना दिलीय. वाद होतो, खरंय, पण सातव्या दिवशी वही समोर असते, मग ‘तू घरीच असतेस’ हे वाक्य परत म्हणणं अवघड जातं.

मग वाटणी करताना कामं वाटू नका, खाती वाटा. ‘जरा मुलीला आंघोळ घाल’ असं सांगितलं की ते तुमचंच काम राहतं, त्यांनी फक्त हात लावला. त्यापेक्षा मुलीची सकाळ पूर्ण त्यांची. उठवणं, दात, आंघोळ, डबा, दप्तर, शाळेचा ग्रुप, शाळेत सोडणं, सगळं. बँकेत दहाला पोचायचंय तर साडेसहा ते साडेनऊ मोकळेच असतात ना. पाण्याचं खातं त्यांचं, पाणी कधी येणार ते शेजारी विचारण्यापासून टाकी भरेपर्यंत. ते बँकेत असताना पाणी सुटलं तर? एका घरात यावर त्यांनी मोटरला फोनवरून चालू होणारं स्विच बसवलं, दुसऱ्या घरात शेजारच्या निवृत्त काकांशी बोलून ठेवलं, मीटिंगमधून बाई उठली नाही. मुद्दा असा की उपाय ज्याचं खातं त्यानं शोधायचा. आणि मग त्यांनी केलेल्या वेणीकडे बघून हसायचं नाही, डब्यात तीच भाजी परत गेली तर जाऊ द्यायची. हे तुम्हाला जड जाईल, मला माहितेय, पण सोडावं लागतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडं कडवट लिहिलंय. त्यांची बाजूही बघा. बासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात म्हणता, आणि चार वर्षं दुपारची मुलगी त्याच सांभाळतायत, तेही बिनपगारीच. तुम्ही पुण्याला गेलात की सगळं आपल्यावर पडणार ही भीती असेल त्यांना, नोकरीला विरोध असेलच असं नाही. त्यांना आधीच सांगा की तुमच्या जागी त्या नाहीत, त्यांचा मुलगा आहे. आणि हे तुम्ही नाही, मिस्टरांनी सांगायचं, आईला, स्वतःच्या तोंडानं.

घरून काम करायच्या दिवसांचं पण थोडं. हॉलमधल्या डायनिंग टेबलवरून उठा. एक खोली, नसेल तर एक कोपरा आणि पडदा, कामाच्या वेळेत दार लावलेलं, दारावर वेळा लिहिलेल्या. चार वर्षांच्या मुलीला हे कळतं, मोठ्यांना वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस तापमान आणि वीज गेली की राउटर बंद, तर छोटा इन्व्हर्टर घ्या, तो घरखर्चातून, तुमच्या पगारातून नाही. रात्री साडेनऊनंतर मेसेजला उत्तर द्यायची सवय लावू नका. आणि कुणी वरिष्ठ व्हिडिओ कॉलवर नको ते बोलला तर ‘मी तर घरी होते’ म्हणून सोडून देऊ नका, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत घरही येतं.

राहता राहिली पहिली पुण्याची फेरी. त्या आठवड्यात तुम्ही काय कराल ते मला आत्ताच दिसतंय, आदल्या रात्री बारापर्यंत जागून तीन दिवसांच्या भाज्या करून डब्यांवर वार लिहून ठेवाल, ड्रेस इस्त्री करून ओळीनं टांगाल, आणि गाडीत बसल्यावर कुर्डुवाडीपर्यंत फोनवर सूचना देत राहाल. तसं करू नका. फ्रीज भरून जाऊ नका. शेंगा चटणी आहे, कडक भाकरी आहे, कोपऱ्यावर खानावळ आहे, उपाशी कुणी राहत नाही. तीन दिवसांत काय लागतं ते त्यांना एकदा स्वतः कळू दे. मेल पाठवलात की मॅनेजर काय म्हणाले ते इथंच लिहा, पुढची बोलणी कशी करायची ते त्यावरून बघू.